कोणी कोणाला बांधावे : नाशिक परिसरातील पागोटे, पगडी आणि फेटा

नाशिक रोडच्या पूर्वेला गोदावरीकाठी वसलेले एकलहरे हे गाव उर्वरित महाराष्ट्राला मुख्यतः औष्णिक वीज केंद्रामुळे ठाऊक आहे. १९७०च्या सुमारास १४० मेगावॉटचे दोन संच आणि पुढील दशकाच्या वळणावर प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच येथे उभे राहिले. त्यांपैकी पहिले दोन आता सेवेतून बाद झाले आहेत. या उभारणीबरोबर गोदावरीच्या पाण्यावर बागायत करणाऱ्या पंचक्रोशीत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या तंत्रज्ञांची, कारकुनांची आणि कंत्राटी कामगारांची वस्ती येऊन मिसळली. डोक्यावर काय घालावे याचे नियम पाहू इच्छिणाऱ्याला असे गाव सोयीचे असते, कारण येथे तीन काळांचे नियम शेजारी शेजारी नांदतात : केंद्राच्या फाटकाच्या आत सुरक्षेचे हेल्मेट सक्तीचे, फाटकाबाहेरच्या शिवारात वयस्कर शेतकऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, आणि लग्नसराईत, सप्त्याच्या काल्याला किंवा नव्या सरपंचाच्या सत्कारात त्याच डोक्यांवर काही तासांपुरते चढणारे रंगीत फेटे. आजच्या एकलहऱ्यात काय किंवा नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत काय, रोज सकाळी उठून स्वतःच्या हाताने पागोटे बांधणारा माणूस विरळा आहे; पण फेटा बांधून घेण्याचे प्रसंग मात्र कमी न होता वाढतच चालले आहेत.

शिरोवस्त्रांवरचे लेखन बहुधा आकार, रंग आणि प्रदेश यांच्या याद्यांत अडकते, आणि त्या याद्या वाचताना मजा येत असली तरी त्यांतून फारसे काही उलगडत नाही. त्यापेक्षा दोन साधे प्रश्न अधिक उपयोगी ठरतात : डोक्यावरचे कापड कोण बांधतो, आणि ते किती वेळा बांधले जाते. स्वतः रोज बांधले जाणारे शिरोवस्त्र माणसाच्या अंगवळणी पडलेले असते आणि तो कोण आहे हे सांगते. दुसऱ्याने प्रसंगी बांधलेले शिरोवस्त्र मात्र बांधणारा आणि बांधून घेणारा यांच्यातला संबंध जाहीर करते. महाराष्ट्रातील शिरोवस्त्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे, आणि हा प्रवास ज्यांनी केला नाही, म्हणजे मुख्यतः शीख समाज, त्यांच्याकडे पाहिले की त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

शब्दांची नीट फोड करून घेणे येथे आवश्यक आहे, कारण बोलण्यात ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात. पागोटे म्हणजे अरुंद आणि लांबच लांब सुती किंवा रेशमी पट्टी, जी डोक्याभोवती वेढ्यावर वेढे देत दरवेळी नव्याने गुंडाळली जाते. फेट्याचे कापड त्यामानाने आखूड पण रुंद, साधारण एक मीटर पन्ह्याचे असते. आज बाजारात ते ५–६ मीटरपासून ९ मीटरपर्यंत मिळते, आणि त्याचा एक पदर पाठीवर सोडला की त्याला शेमला किंवा सोगा म्हणतात, तर दुसऱ्या टोकाच्या चुण्या करून डोक्यावर पंख्यासारखा उभा केला की तो तुरा होतो. मुंडासे हा शेतकऱ्याचा आणि कष्टकऱ्याचा शब्द. उन्हातान्हात, ओझे वाहताना किंवा मळणीच्या वेळी हाताशी असेल ते कापड कसेतरी गुंडाळले की मुंडासे झाले, आणि गरज पडली की तेच कापड अंग पुसायला, भाकरी बांधायला किंवा विहिरीवर दोर म्हणूनही कामी आले. मंदील हे जरीकाठी, मानाचे कापड. पगडी मात्र या सर्वांहून वेगळी : ती रोज बांधली जात नाही, कारागिराने ठोकळ्यावर पट्टी वेढून, टाचून, शिवून ती कायमची तयार केलेली असते आणि घालणारा ती टोपीसारखी नुसती डोक्यावर ठेवतो. हे काम करणाऱ्या कारागिराला पगडबंद म्हणत. आज ज्याला ‘रेडिमेड फेटा’ म्हणून थोडे नाक मुरडले जाते त्याची कल्पना, तेव्हा, किमान दोन-तीनशे वर्षे जुनी आहे.

डोक्याला कापड गुंडाळण्याची रीत या भूभागात फार प्राचीन आहे. वैदिक वाङ्मयात उष्णीष हा शब्द येतो आणि यज्ञप्रसंगीच्या वेशाशी त्याचा संबंध आहे. नाशिकजवळची पांडवलेणी ज्या सातवाहन काळात खोदली जात होती त्याच काळातील भाजे आणि कार्ले येथील शिल्पांत पुरुषांच्या डोक्यांवर मोठाल्या गाठींची, पिळलेल्या वेढ्यांची शिरोवस्त्रे कोरलेली दिसतात, आणि ती इतक्या बारकाईने कोरली आहेत की शिल्पकाराला कापडाचा पीळ चांगलाच परिचित असला पाहिजे. तेथून सरळ मराठेशाहीवर उडी मारणे इतिहासकाराला आवडणार नाही. पण मधल्या शतकांत दख्खनच्या सुलतानी दरबारांनी आणि मोगलांनी शिरोवस्त्राला राजकीय भाषा दिली, एवढे सांगून पुढे जाता येईल. मोगल दरबारात बादशहा ज्याला मान देई त्याला खिलत, म्हणजे सन्मानाची वस्त्रे, मिळत आणि त्यांत शिरोवस्त्र असे. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील दख्खनी आणि डच संग्रहांतील चित्रे पाहिली तर त्यांतही तुऱ्याचे, दख्खनी घाटाचे शिरोवस्त्र आढळते. पेशवाईत हीच भाषा शेला-पागोट्याच्या रूपाने मराठी झाली : वस्त्रे देणे म्हणजे पद देणे. शिरपेच, तुरा, कलगी आणि मोत्यांच्या लडी ही त्यावरची आभूषणे पद किती मोठे हे सांगत. साम्राज्य पसरले तसे सरदार घराण्यांचे घाटही वेगळे झाले आणि शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी अशी पगड्यांना नावे पडली. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल नाशिक जिल्ह्यातच आहे, त्यामुळे यांतील एक घाट तरी या परिसराला पाहुणा म्हणून आलेला नव्हता.

आभूषणांच्या या भाषेतून लोककलेत एक अख्खा वाद उभा राहिला, तो कलगी-तुऱ्याचा. शाहिरीत आणि तमाशात भेदिक लावणी नावाचा प्रकार आहे, ज्यात एक फड गाण्यातून कूट प्रश्न टाकतो आणि दुसरा फड गाण्यातूनच त्याचे उत्तर देतो. या फडांचे दोन पक्ष म्हणजे कलगीवाले आणि तुरेवाले. कलगीवाले शक्तीला, प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, पुरुषाला. मध्य भारतातल्या आख्यायिकेप्रमाणे चंदेरीच्या दरबारात तुकनगीर आणि शाह अली या दोन फकिरी वृत्तीच्या कवींना राजाने आपल्या शिरोवस्त्रावरील तुरा आणि कलगी काढून दिली, आणि तेथून हे दोन पंथ निघाले. आख्यायिकेची सत्यता तपासत बसण्यात अर्थ नाही. तत्त्वज्ञानातला एक गहन प्रश्न, म्हणजे विश्वाचे मूळ पुरुषात की प्रकृतीत, गावजत्रेत रात्रभर वाजत-गाजत राहिला तो डोक्यावरच्या दोन दागिन्यांच्या नावाने, हे महत्त्वाचे. सिन्नर तालुक्यातील बावीचा शाहीर परशराम हा पेशवाईच्या उतरत्या काळातील मोठा लावणीकार जातीने शिंपी होता. कापडाशी जन्मापासून नाते असलेल्या माणसाने शाहिरीचा फेटाही बांधला, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

पगडी आणि पागोटे यांच्यातला भेद पुढे सामाजिक झाला, आणि त्या भेदाची दोन्ही टोके नाशिक जिल्ह्यातून जातात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. पुणेरी पगडी या नावाने आज जी ओळखली जाते, चक्राकार पिळांची, जरीच्या पट्टीची आणि वर कोका नावाचे टोक उभे असलेली, तिला एकोणिसाव्या शतकात रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः रानड्यांना दिले जाते; पुढे लोकमान्य टिळकांची लाल पगडी इतकी प्रसिद्ध झाली की तिने बाकीच्यांना झाकून टाकले. या पगडीचा काळ लक्षात घेतला पाहिजे. इंग्रजी विद्या, वकिली, अध्यापन, वृत्तपत्रे आणि सभा यांतून जो नवा वर्ग उभा राहत होता त्याला दरबारी मंदिलाची गरज नव्हती आणि शेतकऱ्याचे मुंडासे त्याला चालण्यासारखे नव्हते. कचेरीत वेळेवर पोचायचे असल्याने रोज आरशासमोर पाऊण तास घालवणेही त्याला परवडले नसते. शिवून तयार असलेली, डोक्यावर ठेवली की झाले अशी पगडी ही म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या सुशिक्षितांची सोय होती. तिच्यातला परंपरेचा भाग सर्वांना दिसतो. तिच्यातला आधुनिकतेचा भाग सहसा कोणी पाहत नाही.

त्याच पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी शिरोवस्त्राचा अगदी उलटा उपयोग करून दाखवला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात, मुंडासे आणि घोंगडी अशा पेहरावात गेले आणि राणीच्या मुलाला त्यांनी सांगितले की जडजवाहीर घातलेल्या या मंडळींवरून हिंदुस्थानची कल्पना करू नये. जोतीरावांच्या नेहमीच्या चित्रांत जे भरदार, गुंडाळलेले पागोटे दिसते ते बांधण्याचे शिरोवस्त्र आहे, ठेवण्याचे नव्हे. आणि मेजवानीतले मुंडासे तर त्याहूनही खालच्या पायरीवरचे होते. तेथे त्यांनी ते मुद्दाम निवडले, म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कापड त्यांनी स्वतःच्या हाताने राजकीय केले.

या दोन परंपरांची सरळ टक्कर जून २०१८मध्ये झाली. पुण्यात राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या सभेत शरद पवार यांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी मागवली, ती छगन भुजबळ यांच्या डोक्यावर ठेवली आणि यापुढे पक्षाच्या कार्यक्रमांत हीच पगडी वापरावी असे सांगितले. भुजबळ मूळचे नाशिकचे, आणि त्यांचा मतदारसंघ येवला, म्हणजे पैठणी आणि रेशमी वस्त्रांसाठी पेशवाईपासून प्रसिद्ध असलेले विणकरांचे गाव. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातील पगडीवरूनही पुढे विद्यार्थ्यांत वाद झाले. वादाचा गाभा अर्थातच जातीच्या इतिहासाचा होता आणि तो क्षुल्लक नव्हता. परंतु शिरोवस्त्राच्या दृष्टीने पाहता एक गंमत दिसते, जी या वादात निसटून जाते. ‘फुले पगडी’ म्हणून जी सध्या दुकानात मिळते तीही शिवलेली, तयार, डोक्यावर ठेवायची वस्तू आहे. म्हणजे जोतीरावांनी बांधलेल्या पागोट्याला त्यांच्या अनुयायांनी रानड्यांच्या पगडीच्या पद्धतीने घडवले आहे. दोन्ही बाजूंच्या पगड्या व्यासपीठावर पाहुण्याला घातल्या जातात, पाहुणा छायाचित्रापुरत्या त्या वागवतो आणि गाडीत बसताना काढून ठेवतो. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाखाली वस्तू विकण्याचा हक्क ठरावीक प्रदेशातील नोंदणीकृत उत्पादकांपुरता कायद्याने राखला गेला. पगडी रोज घालणारा पुणेकर जवळजवळ संपल्यानंतर तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, हे त्या वस्तूच्या नव्या भूमिकेला धरूनच आहे.

रोजचे पागोटे नेमके कशाने गेले, याला एकच कारण नाही, पण सर्वांत मोठे कारण पांढऱ्या टोपीचे आहे. १९२०–२१च्या असहकार आंदोलनात खादीची घडीची टोपी देशभर पसरली. गांधीजींनी काकासाहेब कालेलकरांना सांगितल्याप्रमाणे काश्मिरी टोपीच्या घडीवरून त्यांना ती सुचली होती. स्वस्त, धुवायला सोपी, घडी करून खिशात ठेवता येणारी, आणि एका पागोट्याच्या कापडात कितीतरी होणारी. स्वतः गांधीजींचा सार्वजनिक जीवनातला पहिला मानभंग पागोट्यावरूनच झाला होता : १८९३ साली डर्बनच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्याने ते उतरवायला सांगितले तेव्हा ते न उतरवता बाहेर पडले होते. ज्या माणसाने एकदा पागोट्यासाठी न्यायालय सोडले त्यानेच पुढे लाखोंचे पागोटे सोडवले. महाराष्ट्राच्या खेड्यांनी टोपी इतक्या पूर्णपणे स्वीकारली की आज शहरातल्या तरुणाला पांढरी टोपी हाच मराठी शेतकऱ्याचा अनादी वेश वाटतो, तिचे वय जेमतेम शंभर वर्षे आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. टोपीने आणखी एक काम केले ज्याची दखल कमी घेतली जाते : पागोट्याच्या घाटावरून, लांबीवरून आणि बांधणीवरून दुरून ओळखू येणारी जात तिने बरीचशी पुसली. नाशिकच्या गोदाकाठी धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगे महाराजांनी तर टोपीही नाकारून डोक्यावर मातीचे गाडगे उपडे घातले, आणि मानाच्या वस्त्राची याहून पुरती चेष्टा मराठी मुलखात दुसऱ्या कोणी केलेली नाही.

तरीही दोन ठिकाणी पागोट्याने टोपीला जागा दिली नाही, आणि ती दोन ठिकाणे म्हणजे लग्न आणि मृत्यू. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर दहाव्याचे किंवा तेराव्याचे विधी झाले की सोयरे मंडळी, विशेषतः मुलाचे मामा किंवा सासरकडचे, थोरल्या मुलाला पागोटे बांधतात. जिथे पागोटे उरले नाही तिथे टोपी-टॉवेल किंवा उपरणे घातले जाते, पण क्रियेचा अर्थ तोच राहतो. दुःखात डोके उघडे ठेवायचे असते. ते इतरांनी झाकले म्हणजे सुतक संपले आणि घराचा भार आता याच्या डोक्यावर आहे, ही गोष्ट भावकीसमोर नोंदली गेली. हा एक प्रकारचा वारसदाखलाच, फक्त त्याला तलाठ्याची सही लागत नाही. उत्तर भारतातही याच अर्थाची रस्म-पगडी आहे. पागोटे पायांवर ठेवून शरण जाणे, पागोटी बदलून मानलेले भाऊ होणे, एखाद्याने पगडी फिरवली म्हणजे पक्ष बदलला असे म्हणणे, या सगळ्यांच्या मुळाशी डोक्यावरचे कापड म्हणजे माणसाची इतरांनी मान्य केलेली जागा, हीच समजूत आहे. मुंबईच्या भाडेकरूला जागेसाठी द्यावी लागणारी ‘पागडी’ याच कुळातली, आणि १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला रीतसर मान्यताही दिली.

लग्नातले मानाचे फेटे हे याच समजुतीचे आनंदी रूप, आणि कधीकधी भांडखोरही. नवरदेवाला मुंडावळ्या-बाशिंग असते, पण कोणकोणत्या मामाला, आत्याच्या यजमानांना, व्याह्यांच्या भावकीला आणि गावच्या पुढाऱ्यांना फेटा बांधायचा याची यादी मांडवात ध्वनिक्षेपकावरून वाचली जाते, आणि एखादे नाव चुकले तर रुसवा अनेक वर्षे टिकतो. पूर्वी फेटा बांधून देणारा गावातलाच एखादा जाणता माणूस असे. आता नाशिक, सिन्नर, निफाड या पट्ट्यात फेटे बांधणाऱ्यांचे स्वतंत्र पथकच बोलावले जाते. डोईमागे दर ठरतो, दोघे-तिघे जण तासाभरात शंभर-दोनशे डोकी बांधून काढतात, आणि रंग वधूच्या शालूशी किंवा निमंत्रणपत्रिकेशी जुळवलेला असतो. कोल्हापुरी घाटाचा, उभ्या तुऱ्याचा आणि पाठीवर रुळणाऱ्या शेमल्याचा फेटा सर्वत्र पसरला आहे, त्यामागे चित्रपट, ऐतिहासिक मालिका आणि छायाचित्रकारांची पसंती ही कारणे आहेत. नाशिककडच्या शेतकऱ्याचे सैलसर, कानावर उतरलेले जुने मुंडासे छायाचित्रात रुबाबदार दिसत नाही, म्हणून ते लग्नातूनही गेले. हा तोटा खरा आहे. कोल्हापुरी फेट्याचा यात काही दोष नाही, पण एका जिल्ह्याची डोईची तऱ्हा दुसऱ्या जिल्ह्याच्या तऱ्हेने मुकाट्याने गिळली, आणि या व्यवहारात कोणाला काही गमावल्यासारखे वाटलेही नाही.

धर्माच्या क्षेत्रात मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि ती पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ साली खालसा पंथाची स्थापना केली आणि १७०८ साली नांदेड येथे त्यांचे देहावसान झाले. नांदेडचे तख्त सचखंड हुजूर साहिब हे त्यामुळे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. उत्तरेकडून नांदेडला जाणारा यात्रेकरू मनमाडला पोचतो तेव्हा तेथे गुपतसर साहिब गुरुद्वारा आहे, आणि मनमाडच्या फलाटावर निळ्या, केशरी, काळ्या दस्तारी दिसणे ही रोजची गोष्ट आहे. दस्तार म्हणजे शिखाचे पागोटे. केस न कापणे ही खालसाची अट असल्याने केस आणि दस्तार ही जोडी अविभाज्य ठरते. तिचे कापड साधारण ५–६ मीटर असते, रोज सकाळी ते ताणून लांबीवर घडी घातली जाते, या क्रियेला पूणी करणे म्हणतात, आणि त्यासाठी दुसरे टोक धरायला घरातले कोणीतरी लागते. कोणी नसेल तर दाराच्या कडीला ते अडकवतात. मग थर थर करून दस्तार बांधली जाते आणि उतरवताना ती टोपीसारखी ओढून काढणे अनुचित मानले जाते. निहंग शिखांचा दुमाला याहून कितीतरी उंच आणि पोलादी चक्रांनी सजलेला. मुलगा वयात येताना दस्तारबंदीचा समारंभ होतो तेव्हा पहिल्यांदा ती दुसऱ्याने बांधलेली असते, पण दुसऱ्या दिवसापासून ती त्याने स्वतः बांधायची असते. मराठी पागोट्याने गमावले ते नेमके हे : समारंभाचा दिवस उरला, दुसरा दिवस गेला.

दस्तारबंदी हाच शब्द मुस्लिम परंपरेतही आहे. मालेगावसारख्या मदरशांच्या शहरात विद्यार्थ्याने कुराण मुखोद्गत केल्यावर किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर त्याच्या डोक्याला उस्ताद अमामा, म्हणजे पागोटे, बांधतात. सुफी दर्ग्यांत नवा सज्जादानशीन गादीवर बसतो तोही दस्तारबंदीनेच. येथे शिरोवस्त्र पदवी आणि वारसा दोन्ही सांगते. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला जे आखाडे येतात त्यांत गुरू गोविंदसिंगांशी परंपरा जोडणारा निर्मल आखाडा आहे आणि त्याचे साधू भगवी पगडी बांधतात. त्यांच्याच मिरवणुकीत पुढेमागे नागा साधू जटाच डोक्यावर वेटोळ्यासारख्या बांधतात, म्हणजे कापडाचा त्याग केला तरी बांधणे सुटत नाही. वारकरी परंपरेत त्र्यंबकहून आषाढीला निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीत विणेकऱ्याच्या डोक्यावरचा पांढरा फेटा अजून स्वतःच्या हाताचा असतो, आणि रोजच्या बांधणीची मराठी रीत कुठे टिकून असेल तर ती दिंडीत आणि कीर्तनकारांत.

रोज बांधले जाणारे शिरोवस्त्र आणि आधुनिक राज्य यांची गाठ मुख्यतः हेल्मेटच्या निमित्ताने पडली. ब्रिटनमध्ये १९७६ साली कायदा करून पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट मिळाली. १९८९च्या रोजगार कायद्याने बांधकामावर आणि २०१५च्या कायद्याने बहुतेक सर्व कामाच्या जागी ती वाढवली गेली. कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलात १९९०मध्ये शीख अधिकाऱ्याला गणवेशात पगडी बांधण्याची मुभा मिळाली, तर फ्रान्सने २००४च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांबरोबर पगडीलाही मज्जाव केला. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२९ने पगडी बांधलेल्या शिखाला दुचाकीवर हेल्मेटची सक्ती नाही. सूट आहे ती त्या समाजाला, पागोट्याला नव्हे. म्हणून गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटे बांधून दुचाकी चालवणाऱ्यांना ती कायद्याने मिळत नाही, पोलिसांच्या सौजन्याने मिळते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तर विषयच वेगळा आहे : कोळशाच्या पट्ट्याखाली आणि बॉयलरच्या मजल्यावर डोक्याचा विचार धर्म किंवा मान म्हणून केला जात नाही, कवटी म्हणून केला जातो. तेथे डोके झाकणारी वस्तू कंपनी देते, ती सर्वांना एकच असते, आणि पाळी संपली की ती परत खुंटीवर जाते.

फॅशनने पागोट्याचा हात धरला तो याच्या अगदी विरुद्ध दिशेने, म्हणजे कापडातला अर्थ काढून नुसता आकार घेऊन. पॅरिसचे वेशकार पॉल प्वारे यांनी १९१०च्या आसपास पौर्वात्य पगड्या, वर पिसांची कलगी लावून, श्रीमंत स्त्रियांत लोकप्रिय केल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत यंत्रात केस अडकू नयेत म्हणून कामगार स्त्रियांनी रुमाल पगडीसारखे बांधले, आणि त्याचीही फॅशन झाली. २०१८मध्ये गुच्ची या इटालियन कंपनीने शिखांच्या दस्तारीसारखे तयार शिरोवस्त्र मंचावर आणले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील दुकानात त्याची किंमत ७९० डॉलर लागली तेव्हा शीख संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. आपल्याकडील शिवलेल्या फेट्याविषयी असा आक्षेप कोणी घेतला नाही, कारण घेणारे आणि विकणारे एकाच समाजातले, आणि पागोट्याला दैनंदिन व्रताचे वजन उरलेले नव्हते. चुंबकाच्या किंवा वेल्क्रोच्या पट्टीचा फेटा दोन मिनिटांत चढतो, आणि मंडळांच्या अध्यक्षांना तो आवडतो.

या नव्या फेट्याचा सर्वांत मोठा ग्राहकवर्ग मात्र गेल्या पंचवीस वर्षांत नवाच आला, आणि तो स्त्रियांचा. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि तेथून ती पद्धत ठाणे, गिरगाव, नाशिक अशी पसरली. नऊवारी, नथ आणि केशरी फेटा असा वेश करून मोटारसायकलवर बसलेल्या स्त्रिया, आणि नाशिक ढोलाच्या पथकांत फेटे बांधून टिपरू मारणाऱ्या मुली हे दृश्य आज कोणाला चमत्कारिक वाटत नाही. लग्नातही करवल्यांना फेटे बांधले जातात. पुरुषत्वाचे आणि कर्तेपणाचे चिन्ह म्हणून शतकानुशतके राखलेले वस्त्र स्त्रीने घातले, त्यावर फारसा गदारोळ झाला नाही, आणि त्याचे एक कारण असे असू शकते की तोवर त्या वस्त्रात राखण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

जिथे काही उरले आहे तिथे स्थिती वेगळी दिसते. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला, केंद्राने २००५मध्ये तीच तरतूद देशभर लागू केली, आणि ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क वडील हयात असण्यावर अवलंबून नाही हे स्पष्ट केले. सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात, आणि जमिनीचे भाव चढलेल्या शहरालगतच्या गावांत हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्याही घेतल्या जातात. पाडव्याला जिच्या डोक्याला फेटा बांधला जातो त्याच लेकीचा बाप गेला की तेराव्याला सोयऱ्यांच्या हातातले पागोटे तिच्या भावाकडे जाते. भाऊ नसेल तर पुतण्याकडे किंवा जावयाकडे.